चांदणीच्या मिशा

"आपण चष्मा घ्यायले आलो का पत्रिका पाहायले?"

जिन्यात माझ्या मागून येणाऱ्या बाईंनी नवऱ्याला हळूच विचारलं. तो जिना इतका अरुंद होता की हळू बोललेलंही वरपासून खालपर्यंत सगळ्यांना ऐकू जायचं. नवरा म्हणाला, "चूप राह ना. म्हातारा ऐकून राहिला."

म्हातारा, म्हणजे आमच्या दुकानाचे मालक, माझे सर, सगळ्यांच्या पुढे होते आणि त्यांनी ऐकलं होतं. गच्चीचं दार उघडून त्यांनी बाईंना आधी जाऊ दिलं. "पत्रिका तुमची नाही पाहायची बाई, चष्म्याची पाहायची आहे. या."

मी टॉर्च घेऊन दाराशी उभी राहिले. सगळे वर आले की तो बंद करणं माझं काम होतं. होळी होऊन आठवडा झाला होता. खाली नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीत दुकानं चालू होती, स्कूटरींचे हॉर्न वर येत होते. बाईंनी नवा चष्मा नाकावर सारखा केला, नैर्ऋत्येकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हा तर लय लुकलुकून राहिला. याले फटाके लागल्यावानी."

"तो व्याध. तो नाटकी आहे, त्याच्यावर नंबर नसतो काढायचा," सर म्हणाले. त्यांनी बाईंचे खांदे धरायच्या ऐवजी हवेतच हात वळवून त्यांना पूर्वेकडे फिरवलं. "तो पाहा, उलट्या प्रश्नचिन्हासारखा आकडा दिसून राहिला? त्याच्या खालचं टिंब. ती मघा. आता एक डोळा झाका अन् सांगा, चांदणीला मिशा आहेत का?"

त्यांचा सिद्धांत असा होता. दुकानातला अक्षरांचा तक्ता वीस फुटांवर असतो. आमच्या दुकानात तर तेवढीही जागा नव्हती, म्हणून तक्ता ग्राहकाच्या डोक्यामागे आणि आरसा समोर. आरशातली अक्षरं वाचून काढलेला नंबर हा त्यांच्या भाषेत कच्चा नंबर. पक्का नंबर फक्त चांदणीवर कळतो, कारण तिच्यापेक्षा लांब काहीच नाही. चष्मा बरोबर असेल तर चांदणी म्हणजे टाचणीचं टोक. नंबर कमी पडला तर ती फुगते, आणि काचेचा कोन चुकला तर तिला एका बाजूने मिशा फुटतात.

शास्त्र म्हणून यात फार चूक नव्हती. माझ्याकडे डोळे तपासण्याची पदवी होती. पुस्तकात हेच वेगळ्या शब्दांत लिहिलेलं होतं. फक्त पुस्तकात असं कुठे नव्हतं की ग्राहकाला तीन मजले चढवून न्यावं. मशीनने काढलेला नंबर आणि गच्चीवरचा नंबर यांत बहुतेक वेळा काही फरक नसायचा. क्वचित पाव नंबराचा असायचा. त्या पावासाठी ते भांडायचे.

त्या बाईंच्या चांदणीला मिशा नव्हत्या. तरी त्या अर्धा तास खाली उतरल्या नाहीत. नवरा दोनदा म्हणाला, "झालं ना आता?" तर म्हणाल्या, "तुम्ही जा. मी पाहून राहिली."

महालातल्या त्या दुकानात मी तीन वर्षं होते. ती माझी पहिली नोकरी. मी भूतकाळात लिहिते आहे ते मी आता तिथे नाही म्हणून. दुकान आहे, सरही आहेत.

मुलाखतीला गेले तेव्हा त्यांनी माझं प्रमाणपत्र उघडून पाहिलं नाही. संध्याकाळ होती. म्हणाले, "वर चल." मला संकोच वाटला, पण तिथे बसलेल्या एका ग्राहक बाई हसून म्हणाल्या, "जा वं, मलेही नेलं होतं." गच्चीवर त्यांनी एका ताऱ्याकडे बोट केलं आणि विचारलं, "हा कोण?"

शाळा इंग्रजी माध्यमाची असल्यामुळे मला तारे माहीत होते ते इंग्रजीत, आणि तेही पुस्तकातल्या चित्रातले. मी म्हणाले, "रेग्युलस."

"ते त्याचं पासपोर्टवरचं नाव असंल. घरचं नाव मघा. त्याले मिशा आहेत का?"

मी बराच वेळ पाहिलं. उजव्या डोळ्याला एक तिरकी रेघ दिसत होती. मी तसं सांगितलं. माझा चष्मा एका मोठ्या, थंडगार दुकानातून केलेला होता आणि तोवर मला त्याच्यात काही खोट दिसली नव्हती.

"म्हणजे चष्मा चुकला आहे आणि तू खरं सांगते. उद्यापासून ये."

मी कमी बोलते. आधीच आवाज लहान, त्यात माझं मराठी घरातलं, चार भिंतींतलं. दुकानात येणाऱ्यांच्या बोलण्यापुढे ते मला स्वतःलाच परकं वाटायचं. ग्राहकाला "आता स्पष्ट की आधी स्पष्ट?" विचारताना मी दोनदा घसा साफ करायची. सर ग्राहकांना सांगायचे, "हिच्यावर भरोसा ठेवा. ही खोटं बोलत नाही. बोलतच नाही, तर खोटं कुठून बोलंल?"

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, नंबर राहत. "ते मायनस चार येऊन गेले का?" "प्लस दोनच्या मुलीचं लग्न ठरलं." एकदा सकाळी आल्या आल्या, चेहरा पाडून म्हणाले, "आपले बायफोकल वारले." मला पूर्ण दिवस कळलं नाही की कोण गेलं, आणि विचारायचा धीर झाला नाही. मी त्यांच्यासाठी मायनस सहा होते. घरी त्यांच्या पत्नीलाही ते "सहा आज सुट्टीवर आहे" असंच सांगत. पहिल्यांदा भेटल्यावर काकूंनी मला विचारलं, "तू सहावी का? आधीच्या पाच कुठं गेल्या?"

फ्रेम निवडताना ते ग्राहकाला चेहरा पाहू देत नसत. "चेहरा आहे तोच राहणार. नाक पाहा. चष्मा नाकाचा असतो, डोळे नुसते पाहुणे." मुली रागवायच्या. पण त्यांच्या दुकानातला चष्मा घसरत नसे, हेही खरं.

गच्चीचा हंगाम होळीची राख थंड झाली की सुरू व्हायचा आणि वैशाखातल्या धुळीपर्यंत चालायचा. हिवाळ्यात धुकं, पावसाळ्यात ढग, ऑक्टोबरात दिवाळीचा धूर. म्हणजे श्रावणात चष्मा घेतलेल्या माणसाचा चष्मा सात-आठ महिने कच्चाच. त्याला ते बजावून सांगत, "फाल्गुनात या, पक्का करून देतो." लोक हो म्हणून जायचे. मला वाटायचं, कोण येतंय. पण येत. एक रेल्वेतले गृहस्थ खरंच मार्चमध्ये आले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "काका, ते मिशा पाहायच्या राहिल्या होत्या."

वर गेलं की चष्म्याचं काम पाच मिनिटांत संपायचं आणि मग सर थांबत नसत. सप्तर्षी ईशान्येला उभे असत, दांडा खाली लोंबत असल्यासारखे. "या दांड्याची कमान तशीच पुढे ओढत न्या. थांबू नका. पहिली लागेल ती स्वाती. अजून ओढा, चित्रा." चैत्र अर्धा झाला की आठ वाजता दोन्ही पूर्वेला वर आलेल्या असत. "स्वाती पिकलेली आहे अन् चित्रा धुतलेली. रंग पाहा." रंगावरून ग्राहकांत वाद व्हायचे. एक साडीवाले म्हणाले, दोन्ही पांढऱ्याच आहेत. सर म्हणाले, "दुकानात रंग कोण सांगते?" "बायको." "तेच चालू ठेवा."

पौर्णिमेला ते कुणाला वर नेत नसत, पण चैत्र पौर्णिमेला स्वतः जात. चंद्र त्या दिवशी चित्रेच्या आसपास असतो, म्हणूनच महिन्याचं नाव चैत्र, हे मला त्या गच्चीवर कळलं. शाळेत महिन्यांची नावं पाठ केली होती, ती कुठून आली हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

एका कॉलेजच्या मुलाने मोबाईल आकाशाकडे धरला. पडद्यावर ताऱ्यांची नावं आणि प्राण्यांची चित्रं उमटली. सरांनी थोडा वेळ पाहिलं आणि मला विचारलं, "हा आकाश पाहून राहिला का वाचून राहिला?" मुलगा म्हणाला, "काका, यात सगळं येते." "येते ना. पण मिशा येतात का?"

मला आवडायचं ते त्यांचं पुष्य दाखवणं. मघा आणि मिथुनाची जोडी यांच्या मधोमध, मार्चअखेर संध्याकाळी जवळजवळ डोक्यावर, आकाशाचा एक रिकामा तुकडा असतो. महालातून तो रिकामाच दिसतो. सर तरी बोट करून सांगायचे, "इथे पुष्य आहे. इथून दिसत नाही. पण आहे." तो दिसायचा आमच्या शिबिरात. उमरेडच्या पुढे एका गावात ते दरवर्षी डोळे तपासायचं शिबिर घेत. फाल्गुनाच्या सुरुवातीला जाऊन नंबर काढायचे आणि पाडव्याच्या आधी, अंधारी रात्र बघून, चष्मे द्यायला जायचं. चष्मे वाटून झाले, अंधार पडला, की शाळेच्या मैदानात सगळ्यांना उभं करून चांदण्या. तिथे गच्चीची गरजच नव्हती.

पहिल्या वर्षी त्या मैदानात त्यांनी मला पुष्य दाखवला. मला दिसेना. मी टक लावून पाहत होते.

"सरळ नको पाहू. सरळ पाहिलं की तो पळते. जरा बाजूले पाह, जसं काही तुले त्याच्याशी घेणं-देणं नाही. मग तो येते."

मी मघेकडे सरकत पाहिलं, आणि नजरेच्या कडेला तो आला. तारा नव्हे, एक पुसट डाग, फुंकर मारून उडवलेल्या राखेसारखा. त्याच्याकडे सरळ वळले की नाही. बाजूला पाहिलं की आहे. सरांनी माझा चेहरा पाहिला असावा. म्हणाले, "आला ना पाहुणा?"

यामागचं कारणही मला पुस्तकातून माहीत होतं. डोळ्याचा मधला भाग बारीक अक्षरं वाचतो, पण मंद उजेड पाहण्यात तो कच्चा. त्या कामाला भोवतालचा भाग चांगला. माहीत असणं वेगळं आणि शेतांच्या मधल्या त्या मैदानात मान वर करून उभं राहणं वेगळं, एवढंच.

दुसऱ्या वर्षी त्याच मैदानात ते म्हणाले, "यंदा धूळ आहे." मी लक्ष दिलं नाही. मला पुष्य दिसला होता, पण मी तरुण आहे, असं मनाशी म्हटलं.

मग इतर गोष्टी दिसायला लागल्या. दुकानाच्या आतल्या दाराच्या चौकटीला त्यांचा डावा खांदा लागायचा. रोज नाही, पण नेहमी डावाच. काउंटरच्या कडेला उभा असलेला ग्राहक बोलेपर्यंत त्यांना कळत नसे, आणि मग ते त्यालाच ओरडत, "आवाज द्यायचा असतो ना गा." चहाचा कप ते आधी हाताने जागा चाचपून ठेवायला लागले. समोरचा तक्ता मात्र ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचत, चष्म्याशिवाय, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. "माझे डोळे आकाशाने पास केले आहेत," म्हणत.

त्या वर्षी त्यांनी स्कूटर विकली. आमची दोघांची घरं नंदनवन भागात होती, त्यामुळे संध्याकाळी कधी कधी ते माझ्या स्कूटीवर मागे बसून यायचे. एकदा फाटकाशी काकू उभ्या होत्या. सर आत गेल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"यांनी स्कूटर काहून विकली वं? मले म्हणतात, पेट्रोल महाग झालं."

"मला म्हणाले, ट्रॅफिक वाढली."

"अन् मोठ्या जावयाले सांगितलं, कंबर धरते."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "एका गोष्टीची तीन कारणं सांगतो तो माणूस, तवा चौथंच असते." मी स्कूटी बंद केली. "तू तर डोळ्याची डॉक्टर आहेस ना?" त्यांनी विचारलं. मी डॉक्टर नाही, असं मी सांगितलं. ते खरं होतं, पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

स्वतःच्या वडिलांची गोष्ट सर हसत हसत सांगायचे. वडील शेवटी शेवटी घरात भिंत धरून चालत. आई म्हणायची, या माणसाने म्हातारपणी भिंतीशी दुसरं लग्न लावलं. दुकानात सगळे हसायचे. मी एकदा विचारलं, त्यांना काय झालं होतं. सर म्हणाले, "काचबिंदू. तेव्हा कुठं थेंब अन् काय." आणि पुढच्या ग्राहकाकडे वळले.

काचबिंदू घरातून येतो. वडिलांना असेल तर मुलाने वर्षातून एकदा तरी डोळ्याचा दाब आणि नजरेचा घेर तपासून घ्यावा, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. सरांनाही माहीत होतं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारत, "घरात कोणाले काचबिंदू आहे का?" आणि हो म्हटलं तर दटावून डॉक्टरकडे पाठवत.

एका दुपारी मी एक गोष्ट केली. चहा देताना त्यांच्या समोर बसले. ते माझ्याकडे पाहून कुणा मायनस दोनच्या भांडणाबद्दल सांगत होते. मी माझा उजवा हात बाजूला नेला आणि त्यांच्या डाव्या अंगाला बोट हलवलं. नजर ठीक असलेल्या माणसाचे डोळे तिकडे जातातच, थांबवता येत नाहीत. त्यांचे गेले नाहीत. मी बोट हलवत हलवत आत आणलं. ते माझ्या चेहऱ्याच्या अगदी जवळ आलं तेव्हा सर म्हणाले, "माशी आहे का?"

मी म्हणाले, "हो."

काचबिंदू दुखत नाही. तो कडेपासून खात येतो, बहुतेक वेळा नेमक्या त्याच पट्ट्यात, जिथून आपण मंद चांदणी तिरक्या नजरेने पकडतो. आणि खाल्लेल्या जागी काळं काही दिसत नाही. मन ती जागा शेजारच्या रंगाने भरून टाकतं. माणसाला वाटतं, तिथे काही नव्हतंच. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखता येते, थेंब वेळेवर सुरू झाले तर. त्यामुळे प्रत्येक महिना मोलाचा होता आणि मी महिने घालवत होते.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. स्कूटीवर, सिग्नलला, मागे न बघता म्हणाले, "सर, वर्षातून एकदा सगळ्यांनी डोळे तपासून घ्यावेत, नाही का?"

"सगळ्यांनीच घ्यावे. म्हणून तर आपलं दुकान चालून राहिलं."

सिग्नल सुटला.

दुसऱ्यांदा मी सरळ म्हणाले की मोठ्या दवाखान्यात माझी मैत्रीण आहे, तिच्याकडे नजरेचा घेर मोजायचं यंत्र आहे, एकदा पाहायला चलता का. ते म्हणाले, "यंत्र पाहायले येतो ना. पण हंगाम संपू दे." हंगाम संपला तेव्हा त्यांनी विषय काढला नाही. मीही नाही. मला वाटायचं, त्यांना कळलेलं आहे आणि ते ऐकायला तयार नाहीत. ज्या माणसाने गावाला चांदण्या दाखवल्या, त्याला मी कोण सांगणारी. आज मागे वळून पाहताना वाटतं, त्यांना अर्धंच कळलं असावं. उरलेलं अर्धं कळू नये म्हणून ते तीन तीन कारणं सांगत होते.

तिसऱ्या वर्षीचं शिबिर. पाडवा चार दिवसांवर होता. आम्ही दुपारी गाडीने पोचलो. चष्मे वाटता वाटता ऊन उतरलं. या वेळी जवळजवळ सगळे नंबर मीच काढलेले होते, कारण सर आता तपासणीला कमी बसत आणि बाहेर जास्त बोलत. सरपंचबाईंनी शाळेच्या व्हरांड्यात झुणका-भाकर दिली. हात धुवून होईपर्यंत मैदानात अंधार झाला होता. लोक आपापले नवे चष्मे लावून उभे राहिले, फोटो काढायला उभे राहतात तसे.

सरांनी मघा दाखवली, मिशा तपासल्या. सप्तर्षी दाखवले. स्वाती क्षितिजाला नुकतीच लागत होती, झाडाच्या फांदीत अडकलेली. मग ते डोक्यावर वळले. मान मागे टाकून, एकदा डावीकडे सरकवून, एकदा उजवीकडे, ते बराच वेळ पाहत राहिले. लोकही पाहत होते.

"पुष्य गेला," ते म्हणाले. "दोन वर्षांपासून पाहून राहिलो, कमी कमी होऊन राहिला. खाणीची धूळ आहे ही. कोळशाच्या खाणीने खाल्ला त्याले. पुढच्या वर्षीपासून इथं चांदण्या दाखवायले अर्थ नाही. गच्चीही बंद करतो. आकाशच राहिलं नाही."

कुणीतरी म्हणालं, "होय जी, धूळ तर लय झाली." दुसरं म्हणालं, "खाण वाढूनच राहिली ना." सरपंचबाई माझ्या शेजारी होत्या. त्यांनी माझ्या कोपराला हळूच स्पर्श करून कानात विचारलं, "ते राखेवानी दिसते, तेच ना वं ते?" मी होकाराची मान हलवली. त्यांनीही हलवली आणि सरांकडे पाहून म्हणाल्या, "असंल बापा, धूळच असंल."

मी आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांच्या माना वर होत्या आणि पुष्य त्यांच्या डोक्यावर होता. त्या रात्री तो पहिल्या वर्षापेक्षाही ठळक होता. पण जो माणूस दरवर्षी स्वतः येऊन चष्मे देतो, त्याला कोण सांगणार.

पुढच्या रांगेत एक आजी होत्या. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या, मुलाचा हात धरून आलेल्या. त्या सरांना म्हणाल्या, "मले तर दिसून राहिलं, मास्तर."

"काय दिसून राहिलं?"

"तेच. तुम्ही मागं सांगतलं होतं ते. पिठाच्या बोटावानी. बाजूले पाहिलं की दिसते."

सर त्यांच्याकडे गेले. वाटेत बाकाला त्यांचा पाय लागला. त्यांनी आजींच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला, माझ्या टॉर्चच्या उजेडात काच पाहिली, सदऱ्याने पुसली, पुन्हा लावून दिला.

"आता?"

"आताही आहे."

सर मुलाला म्हणाले, "काचेत काही नाही. ऑपरेशनच्या भिंगामागं पडदा आला असंल हिच्या. धुरकट डाग दिसते त्यानं. नागपूरले आणा, दाखवावं लागंल."

मुलगा म्हणाला, "पुन्हा ऑपरेशन?"

आजींनी दोन्ही हात चष्म्यावर ठेवले, कुणी काढून नेईल असे. "मले काही नाही झालं," त्या म्हणाल्या, आणि मग आवाज बदलून मुलाला, "झालं का रे मले काही?"

सर म्हणाले, "घाबरू नका आजी. अख्ख्या मैदानात कोणाले दिसत नाही अन् तुम्हालेच दिसते, तर तपासावं लागते." मग माझ्याकडे वळून, "यांचा नंबर तू काढला होता ना, सहा? लिहून घे, परत तपासायचा आहे."

मी पेन काढलं नाही. माझ्या हातात टॉर्च होता, तो मी बंद केला. मैदानात सगळे माझ्याकडे पाहत होते, कारण सर माझ्याकडे पाहत होते. मी दोनदा घसा साफ केला. मग मी बोलले, आणि माझा आवाज व्हरांड्यापर्यंत गेला असावा, कारण तिथे भांडी घासणाऱ्या बायका थांबल्या.

"आजींचे डोळे चांगले आहेत, सर. पुष्य तिथेच आहे. त्यांना दिसतोय, मला दिसतोय, इथे सगळ्यांना दिसतोय. तुम्हाला दिसत नाही, कारण तुमच्या वडिलांना झालं होतं तेच तुम्हाला झालंय. जे गेलं ते गेलं, पण अजून पुष्कळ उरलंय. उद्या दुकान उघडायचं नाही, दवाखान्यात जायचं. मी सकाळी स्कूटी घेऊन तुमच्या दाराशी येते."